उपळसरीच्या चोवीस बाटल्या

शर्मिला गायधनीला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. कुवेतमधल्या फहाहीलच्या ज्या भारतीय शाळेत तिनं एकवीस वर्षं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली, तिथल्या मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. मॅडम मोठ्यानं बोलताहेत तोवर काळजी नाही. कुजबुजायला लागल्या की हातातली परीक्षानळी गुपचूप स्टँडमध्ये ठेवायची आणि उभं राहायचं. शाळेतली मुलं हे दुसऱ्या आठवड्यात शिकत. तिच्या नवऱ्याला, जयप्रकाशला, तेहतीस वर्षांत ते जमलं नाही.

ती मूळची नाशिकची. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये, पाच वर्षांच्या क्षितिजला कडेवर घेऊन ती कुवेतच्या विमानतळावर उतरली, तेव्हा बाहेरच्या हवेनं तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटलं होतं. जयप्रकाश तेल कंपनीच्या एका कंत्राटदाराकडे कॉम्प्रेसर बघायचा. आता क्षितिज टोरांटोला असतो, जयप्रकाश येत्या डिसेंबरात निवृत्त होणार आहे, आणि सहाव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधे हातभर समुद्र अजून तेवढाच दिसतो.

उपळसरीचं पेय तिच्या आयुष्यात शाळेमुळेच आलं. एक कॅनेडियन बाई तीन वर्षं अकरावी-बारावीला शिकवायला होत्या. त्यांना आपल्या आजीच्या घरच्या रूट बिअरची फार आठवण यायची. दुपारच्या सुट्टीत त्या तिचं वर्णन करत बसायच्या: झाडाच्या मुळांचा काढा, त्यात गोड घालून एक-दोन दिवस झाकून ठेवायचं, की आपोआप फेस येतो. मुळांचा वास कसा, असं शर्मिलानं विचारलं तर म्हणाल्या, थोडा ओल्या मातीचा, थोडा व्हॅनिलाचा. शर्मिलाला तिथल्या तिथे तिच्या आजोळची फडताळातली पुडी आठवली. उन्हाळा लागला की मुलांच्या अंगावर पुळ्या उठत आणि आजी उपळसरी उगाळून देई. त्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीत तिनं नाशिकला रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून अर्धा किलो उपळसरीची मुळं आणली आणि दोघींनी प्रयोग सुरू केले. नावातला दुसरा शब्द मात्र तिनं पहिल्या दिवशीच खोडला. दारूबंदीच्या देशात तो शब्द चेष्टेतसुद्धा नको, असं तिनं बाईंना सांगितलं, आणि घरात कुणी तो उच्चारला तर ती पेला परत घ्यायची.

बाई गेल्या. पेय राहिलं आणि सुधारत गेलं. मुळं ठेचून रात्रभर भिजवायची, सकाळी ज्येष्ठमध आणि दालचिनीच्या तुकड्याबरोबर मंद आचेवर तास-दीड तास उकळायची. गूळ मात्र भांडं उतरवल्यावर घालायचा. काढा बोट बुडवता येईल इतका निवला की त्यात लिंबू आणि आल्याचं विरजण. विरजण हा तिचा शब्द. बरणीत किसलेलं आलं, पाणी आणि रोज चमचाभर साखर, आठवड्यात त्यावर बुडबुडे येतात. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या, काचेच्या कधीही नाहीत. वर चार बोटं जागा. बाटली अंगठ्यानं दाबून बघायची. सकाळी मऊ लागते, संध्याकाळी थोडी ताठरते, आणि दुसऱ्या दिवशी अंगठा आत जाईना की त्याच मिनिटाला फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात वीस तास, हिवाळ्यात तीस. त्यापुढे ठेवलं तर त्यात नको ते तयार व्हायला लागतं, आणि शर्मिलानं ते अकरा वर्षांत एकदाही होऊ दिलं नव्हतं. प्रत्येक बाटलीवर पट्टी: भरल्याची तारीख, भरल्याची वेळ, फ्रीजमध्ये ठेवल्याची वेळ. देताना ती प्रत्येकाला तेच सांगे. गार ठेवा, आज-उद्यात संपवा, उरलं तर ओतून द्या.

लोक हसायचे. औषधाच्या बाटलीला एवढं कौतुक नसतं, असं मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास म्हणायचे. पण तिसरा पेला तेच मागायचे.

यंदा बकरी ईदच्या सुट्टीत मराठी मंडळानं खैरानला समुद्रावर एक मोठा शॅले, म्हणजे सुट्टीचा बंगला, दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतला. अकरा कुटुंबं. आरक्षण चंद्रहासच्या नावावर, जेवणाची जबाबदारी त्यांच्या बायकोवर, श्वेतावर. श्वेताचा फोन आला, ताई, तुमचं ते उपळसरीचं हवंच, चोवीस बाटल्या तरी. शर्मिलानं शुक्रवारी सकाळी मी स्वतः बर्फाच्या पेटीतून आणते, असं सांगितलं. श्वेता म्हणाली, नको, तुम्हाला कशाला दगदग, मी बुधवारीच घेऊन जाते, माझ्याकडे दोन फ्रीज आहेत.

इथे शर्मिला चुकली, आणि हे ती स्वतः सगळ्यात आधी मान्य करते. अकरा वर्षांचा नियम तिनं दोन फ्रीजवर विश्वास ठेवून मोडला. बुधवारी संध्याकाळी सव्वासात वाजता चोवीस गारढोण बाटल्या तिनं दोन पेट्यांत बर्फात रोवून श्वेताच्या गाडीत ठेवल्या आणि सूचना तीनदा सांगितल्या. श्वेतानं हो हो म्हणत काच वर केली.

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला गायधनी पतिपत्नी खैरानला पोचली. पुरुष मंडळी आत गप्पांत, मुलं समुद्रातून नुकतीच बाहेर काढलेली. शर्मिला चपला काढून दिवाणखान्यात आली आणि तिला खिडकीखालचं लांब टेबल दिसलं. त्यावर काचेच्या चोवीस बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. देखण्या, चौकोनी, तारेच्या खटक्याचं बूच असलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीचा फुलोरा आणि वळणदार अक्षरातली चिठ्ठी: ‘अमृतमूळ’. वर जूनचं ऊन.

‘‘कशा दिसताहेत, ताई?’’ श्वेता मागून म्हणाली. ‘‘राई भागातल्या एका शोरूममध्ये मिळाल्या. तुमच्या त्या जुन्या पाण्याच्या बाटल्या पाहुण्यांसमोर कशा ठेवणार, म्हणून काल सगळं यात ओतून घेतलं.’’

‘‘काल केव्हा?’’

‘‘सकाळी. आणि गोड कमी होतं ना थोडं, म्हणून दोन दोन चमचे साखर घातली.’’

‘‘मग फ्रीजमध्ये?’’

‘‘फ्रीजमध्ये जागा कुठली? श्रीखंड होतं, पन्नास माणसांची कोशिंबीर होती. एसीतच होत्या की. सकाळी डिकीत नीट टॉवेल घालून आणल्या.’’

शर्मिलाच्या डोक्यात आकडे आपोआप पडत गेले. सव्वीस तास. नवी साखर. बंद डिकी, तासाभराचा रस्ता, बाहेर सेहेचाळीस डिग्री. शोभेची काच, जी तेल-व्हिनेगर ठेवायला बनवलेली. ती एवढंच म्हणाली, ‘‘मुलांना बाहेर काढा,’’ पण ते तिच्या रागाच्या आवाजात म्हणाली, खाली, आणि नेहमीप्रमाणे मोठ्यांपैकी कुणाला ते ऐकू गेलं नाही. नऊ वर्षांची मुक्ता ओल्या केसांनी टेबलाशी उभी राहून चिठ्ठी वाचत होती.

पहिली बाटली फुटली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना बाहेर गाड्यांची टक्कर झाली असं वाटलं. लगेच शेजारची, मग एक पलीकडची. भिंतीवर तपकिरी फेस उडाला. मुक्ता रडली नाही. ती उजव्या दंडाकडे बघत होती, आणि दंडावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

तिची आई सुनेत्रा आणि वडील तिला घेऊन दवाखान्याकडे धावले. उरलेली माणसं काचेच्या दारामागे व्हरांड्यात गोळा झाली. आत एकवीस बाटल्या तशाच उभ्या होत्या. त्यांना हात कोण लावणार हा प्रश्न कुणी विचारला नाही. शर्मिलानं पलंगावरची दुलई ओढली, न्हाणीघरात भिजवली आणि टेबलावर पसरली. मग ओव्हनचे हातमोजे घालून, मान फिरवून, दुलईखालून एकेका बाटलीचा खटका तिनं सोडला. एकवीस वेळा. प्रत्येक वेळी दुलई फुगायची आणि बसायची. जयप्रकाश काचेपलीकडून म्हणत होता, अगं, राहू दे, अगं, लागेल. दार उघडून आत मात्र आला नाही.

तिनं मागे वळून पाहिलं तेव्हा काचेमागचे चेहरे बाटल्यांकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. काहीतरी कळल्यासारखे.

मुक्ताला सात टाके पडले. डॉक्टरांनी काय लागलं विचारलं तर सुनेत्राच्या नवऱ्यानं सोड्याची बाटली फुटली म्हणून सांगितलं, आणि तो विषय तिथे संपला. मंडळात तो तिथे सुरू झाला. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर, नाव न घेता, एकानं लिहिलं की घरी काय काय ‘तयार’ करून आणतात लोक. दुसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. तिसऱ्यानं लिहिलं, आपण इथे पाहुणे आहोत हे काहींनी लक्षात ठेवावं. शर्मिला ते वाचत बसली. उत्तर लिहिलं, खोडलं. ती कोंडी तिला तेव्हाच लक्षात आली. जे खरं होतं ते लिहायचं म्हणजे मी घरी फेसाळ पेय तयार करते हे स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि इथे असला मजकूर पुढे कुणाच्या टेबलावर जाईल याचा नेम नाही. गप्प बसावं तर गुन्हेगार, बोलावं तर पुरावा. तिनं फोन सोफ्यावर आपटला नाही. नीट टेबलावर ठेवला आणि त्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

श्वेताला तिनं रविवारी फोन केला. श्वेता म्हणाली, ताई, मला फार वाईट वाटतंय, आणि नंतर म्हणाली, चंद्रहास म्हणतात आता यावर कुणी काही बोलू नये. साखरेचं तेवढं सगळ्यांना सांगशील का, असं शर्मिलानं विचारलं. तिकडून बराच वेळ मिक्सरचा आवाज येत राहिला आणि मग फोन बंद झाला.

सोमवारी जयप्रकाश कामावरून आला तो हातात एक लिफाफा घेऊन. शॅलेच्या कुवेती मालकानं चंद्रहासला बोलावून घेतलं होतं. भिंतीवरचे डाग, फुटलेली काच. त्यानं सरळ विचारलं होतं की तुम्ही माझ्या जागेत काय आणलं होतं. चंद्रहास घाबरले. आरक्षण त्यांच्या नावावर, सिव्हिल आयडीची प्रत मालकाकडे. म्हणून त्यांनी मंडळाच्या कागदावर एक पत्र तयार केलं होतं. ‘मी, सौ. शर्मिला जयप्रकाश गायधनी, मी घरी आंबवून तयार केलेल्या पेयामुळे सदर अपघात झाला असून त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. मंडळाचे पदाधिकारी यांस याची कल्पना नव्हती.’ खाली सहीसाठी रेघ.

चंद्रहास हे पत्र घेऊन तिच्याकडे आले नव्हते. तिला फोनही केला नव्हता. त्यांनी जयप्रकाशला त्याच्या पार्किंगमध्ये गाठलं होतं आणि सांगितलं होतं, वहिनींना तुम्ही समजवा.

शर्मिलानं पत्र दोनदा वाचलं.

‘‘आंबवून,’’ ती म्हणाली. ‘‘हा शब्द कुणाचा?’’

‘‘चंद्रहासनंच लिहिलंय सगळं. अगं, नुसतं फाइलला ठेवायचंय. मालकानं परत विचारलं तर दाखवायला.’’

‘‘म्हणजे दाखवायला. फाइलला नाही.’’

‘‘तू शब्दात पकडू नकोस.’’

‘‘मी शब्दात पकडत नाही. हा कागद मला पकडणार आहे. मी आंबवून तयार केलं, माझी जबाबदारी, खाली माझी सही. यापेक्षा पोलिसांना आणखी काय लागतं?’’

जयप्रकाश खुर्चीत बसला आणि त्यानं बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली. गाठ सुटेना. त्याला डिसेंबर दिसत होता, हे तिला कळत होतं. सहा महिने, मग निरोपाचं जेवण, सामानाचा कंटेनर, नाशिकचा फ्लॅट. त्याला कंपनीच्या कुठल्याही मुदीरसमोर, म्हणजे साहेबासमोर, कुठल्याही कागदावरून, कुठलाही प्रश्न नको होता. तो म्हणाला, सही केली तर विषय मिटेल, नाही केली तर चंद्रहास आणखी चार जणांना सांगत सुटेल. तो म्हणाला, मुलीला लागलंय, माणुसकी म्हणून तरी. तो असंही म्हणाला की अकरा वर्षं मी तुला सांगत होतो, हे खूळ सोड.

‘‘रोज रात्री जेवणानंतर पेला पुढे करून सांगत होतात,’’ शर्मिला म्हणाली.

लिफाफा तिनं परत त्याच्या बॅगेत ठेवला. सही करणार नाही, हे चंद्रहासना उद्याच सांगा, असं म्हणाली. तो हो म्हणाला. मंगळवारी तिनं विचारलं तर म्हणाला, सांगितलं. ते ऐकून तिला किंचित बरं वाटलं, हे तिला पुढे फार लागलं.

गुरुवारी दुपारी सुनेत्राचा फोन आला. मुक्ताची विचारपूस करायला शर्मिला रोजच फोन करत होती. आज सुनेत्राचा आवाज निराळा होता. जरा दुखावलेला.

‘‘काकू, एक विचारू? तुम्ही ते पत्र कशाला लिहून दिलंत?’’

‘‘कुठलं पत्र?’’

‘‘चंद्रहासकाकांनी आम्हाला फोटो पाठवलाय. म्हणाले, वहिनींनी चूक कबूल केली, आता तुम्ही मनात काही ठेवू नका. मी असं कधी मागितलं होतं का? आणि खरंच का हो काकू, ते... म्हणजे दारूसारखं झालं होतं? मुक्तानं आधी घोटभर प्यायलं असतं तर?’’

शर्मिलानं तिला फोटो पुढे पाठवायला सांगितला. बोट लावून मोठा केला. रेघेवर तिचं नाव होतं. ‘श’ची गाठ तिच्यासारखीच, ‘गायधनी’चा शेवटचा फराटाही. फक्त खालचा ठिपका नव्हता. ती सहीखाली ठिपका देते हे कुरिअरवाल्यांना माहीत नसतं, आणि गेली वीस वर्षं तिच्या नावची पार्सलं तिचीच सही करून, ठिपक्याशिवाय, जयप्रकाशच घेत आला होता.

तो साडेपाचला आला. ती दारातच उभी होती. तिनं फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

‘‘हे कोणी केलं?’’

त्यानं आधी चष्मा पुसला. मग म्हणाला, ‘‘मिटलं ना आता सगळं.’’

‘‘हे कोणी केलं, विचारलं मी.’’

‘‘अगं, चंद्रहास बुधवारी परत आला होता. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. लोक बघत होते. मी म्हटलं, जाऊ दे.’’ त्यानं आत यायला पाऊल उचललं. ती दारातून हलली नाही. ‘‘मी आपल्या दोघांसाठीच केलं, शर्मिला. मला फक्त सहा महिने नीट काढायचेत.’’

‘‘मग स्वतःचं नाव लिहायचं होतंत. मी घरी केलेलं पीत होतो, माझी जबाबदारी. तुमची सही छान येते तुम्हाला. माझीच का केलीत?’’

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं: त्याच्या नावावर नोकरी होती, शाळा सोडल्यापासून तिच्या नावावर काही नव्हतं.

तिचा आवाज इतका खाली गेला होता की समोरच्या फ्लॅटच्या दाराशी कचऱ्याची पिशवी उचलणारा इमारतीचा रखवालदार, हारिस नझीर, अर्धवट वाकलेला तसाच थांबला. शर्मिलानं गाडीची किल्ली घेतली. बूट काढू नका, म्हणाली. मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक दर गुरुवारी सहाला मंगफला चंद्रहासच्या घरी असते हे तिला ठाऊक होतं.

गाडी तिनं चालवली. वाटेत जयप्रकाश तीनदा म्हणाला की तमाशा नको. आपण तेहतीस वर्षं तमाशा नको म्हणून काय काय गिळलं, ते ती प्रत्येक सिग्नलला आठवत होती, आणि सिग्नल पुष्कळ होते.

चंद्रहासच्या दिवाणखान्यात पाच जण बसले होते. गणपतीच्या वर्गणीचा विषय चालू असावा. शर्मिलाला पाहून चंद्रहास उठले, या या वहिनी, म्हणाले, आणि आतल्या दिशेनं चहाची खूण केली.

‘‘चहा नको. माझ्या नावाचं पत्र द्या.’’

‘‘वहिनी, तो विषय आपण प्रेमानं संपवला.’’

‘‘तुम्ही संपवलात. मला बघायचंय.’’

चंद्रहासनी फाइल काढली, पत्र काढलं, पण हातातच ठेवलं. शर्मिला खुर्चीवर बसली नाही.

‘‘ही सही माझी नाही,’’ ती म्हणाली.

कुणीतरी पंख्याकडे बघायला लागलं. चंद्रहास हसले, समजूतदारपणे. ‘‘घरातलीच आहे ना, वहिनी. नवरा-बायकोत काय तुझं-माझं.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत आहे.’’

‘‘काय?’’

‘‘की माझी नाही. तुमच्यासमोर, तुमच्या पेनानं झाली. आणि ती माझी म्हणून तुम्ही सुनेत्राला फोटो पाठवलात. एका आईला जाऊन सांगितलंत की ही बाई तुझ्या मुलीला दारू पाजायला निघाली होती.’’

‘‘असं मी म्हटलेलं नाही.’’

‘‘आंबवून म्हटलंत. पुरे आहे.’’ श्वेता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. शर्मिला तिच्याकडे वळली. ‘‘श्वेता, बाटल्या कोणी बदलल्या? साखर किती चमचे? तू मला तिथे, टेबलाशी उभी राहून सांगितलंस. आता यांना सांग.’’

श्वेतानं नवऱ्याकडे पाहिलं. मग ती आत गेली, आणि नळ जोरात सुटल्याचा आवाज आला. भांडी नव्हतीच बहुतेक. नुसताच नळ.

त्या नळाच्या आवाजात शर्मिलाला काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण. मारावंसं वाटलं, हे खरं. श्वेताला नव्हे; समोरच्या पाच पुरुषांना, ज्यांना त्या आवाजाचा अर्थ कळला होता आणि ज्यांच्यापैकी एकानंही मान वर केली नाही. ते खैरानला काचेमागे उभे होते तसेच आता सोफ्यावर बसले होते.

‘‘जयप्रकाश,’’ चंद्रहास म्हणाले, ‘‘वहिनी जरा अपसेट आहेत. तुम्ही सांगा त्यांना.’’

आणि सगळ्यांनी जयप्रकाशकडे पाहिलं. तो दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ उभा होता. शर्मिलानं मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर तो आपल्याला घाबरून बोलेल, आणि तसं बोललेलं तिला नको होतं. ती पत्राकडे बघत राहिली. आत नळ चालूच होता.

‘‘सही मी केली,’’ जयप्रकाश म्हणाला. घसा खाकरून परत म्हणाला, ‘‘तिनं स्पष्ट नाही म्हटलं होतं. मी तुम्हाला मंगळवारी तसं सांगितलं होतं, चंद्रहास. तुम्ही म्हणालात, मग तुम्हीच करा, कोण बघतंय. मी केली. ती खोटी आहे.’’

सुरेश नावाचे एक गृहस्थ, जे एका बँकेत होते आणि आतापर्यंत मोबाइलमध्ये होते, ते एकदम सरळ बसले. खोट्या सहीचा कागद मंडळाच्या फाइलमध्ये नको, असं ते म्हणाले. कुणी उद्या तक्रार केली तर सगळी कार्यकारिणी अडकेल. कोणी केली, का केली, हा प्रश्नच नाही. आधी कागद नष्ट करा आणि फोटो सगळ्या फोनमधून काढा. दोन जणांनी लगेच माना डोलावल्या. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना शर्मिलाचं खरं ऐकू येत नव्हतं, त्यांना स्वतःची भीती चटकन ऐकू आली. चंद्रहासनी पत्र तिच्या हातात दिलं.

तिनं ते तिथेच फाडलं, आडवं, उभं, परत आडवं. चंद्रहासच्या फोनमधला फोटो तिच्यासमोर काढून टाकायला लावला. माफी कुणी मागितली नाही. चुकीचं काही झालं असं कुणी म्हटलं नाही. चंद्रहास एवढंच म्हणाले की आता तरी मनातून काढून टाका, वहिनी. शर्मिलानं कागदाचे तुकडे पर्समध्ये भरले. यांच्या कचऱ्याच्या डब्यावरही तिचा विश्वास उरला नव्हता.

गाडीत बसल्यावर जयप्रकाशनं सुस्कारा सोडला. आपण बोललो, हे त्याला स्वतःलाच नवल वाटत असावं. सीटबेल्ट लावता लावता तो म्हणाला, ‘‘बोललो ना मी.’’

‘‘बोललात.’’

‘‘मग आता?’’

‘‘त्या पाच जणांसमोर बोललात. फोटो सुनेत्राकडे आहे.’’

सुनेत्राचं घर वाटेतच होतं. शर्मिलानं इमारतीखाली गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि म्हणाली, वर जा. तुम्ही सही केलीत हे सांगा. साखरेचं सांगा, काचेचं सांगा, सव्वीस तासांचं सांगा. मी शेजारी उभी राहणार नाही. त्यानं तू पण चल म्हटलं. ती समोरच्या काचेतून सरळ बघत राहिली. अखेर तो उतरला आणि खांदे पाडून लिफ्टकडे गेला.

ती बसून राहिली. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान बेचाळीस दाखवत होतं. सात वाजून बारा मिनिटं, मग वीस, मग एकतीस. राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. तो कमी होत नव्हता, नुसता जागा बदलत होता. आधी चंद्रहासवर, मग श्वेताच्या नळावर, मग स्वतःवर, की बुधवारी पेट्या दिल्याच का, आणि परत फिरून शेजारच्या रिकाम्या सीटवर.

सात अडतीसला तो खाली आला आणि आत बसला.

‘‘सांगितलं?’’

‘‘सगळं. पहिल्यापासून.’’

‘‘काय म्हणाली?’’

‘‘श्वेताच्या नावानं दोन शब्द बोलली, ते मी बोलून दाखवत नाही. मला चहा विचारला.’’

‘‘तुम्ही घेतलात?’’

जयप्रकाशनं सीटबेल्ट ओढून घेतला.

‘‘मी इथे खाली गाडीत, आणि तुम्ही वर चहा घेतलात.’’

‘‘अगं, ती ठेवूनच आली. नाही कसं म्हणणार?’’

‘‘माझी खोटी सही करायला नाही म्हणता येत नाही, चहाला नाही म्हणता येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘डिसेंबरला नाशिकला जाऊ, तेव्हा मी तिथेसुद्धा उपळसरी करणार आहे. तुम्हाला पेला मिळणार नाही. किती दिवस, ते माझं मी ठरवीन.’’

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, ‘‘मुक्ता बाहेर आली होती. टाके दाखवत होती. म्हणाली, आंटी वर का नाही आल्या? त्या माझ्यावर अँग्री आहेत का?’’

‘‘आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?’’

तिनं इंजिन बंद केलं, किल्ली काढून घेतली आणि दार उघडून गरम हवेत उतरली. एसी गेला, अगं, मी काय करू, असं तो मागून म्हणत होता. ती तोवर लिफ्टपाशी पोचली होती.